लाखाचं इंजिन राहू द्या, आधी स्टेशन बांधा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरात बांधायच्या छोट्या रेल्वेच्या छंदावर आलेला लेख मी दोनदा वाचला. फोटो फार सुंदर होते. पण हा छंद मनासारखा करायचा तर लाखभर रुपये हाताशी हवेत, असं एक वाक्य त्यात होतं. त्या वाक्यापायीच हे पत्र लिहिते आहे.

आमच्या गल्लीतला सातवीतला एक मुलगा दर मंगळवारी आमच्या छापखान्यात कटिंगचे तुकडे न्यायला येतो. त्यातून तो मालधक्क्याची शेड करत होता. या मंगळवारी आला नाही. बुधवारी रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काकू, लाख रुपये लागतात म्हणे. पप्पांनी पेपर दाखवला." अर्धी झालेली शेड त्यानं माळ्यावर टाकली होती. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

लेखकाचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. परदेशी इंजिन, डबे, कंट्रोलर, रूळ हे महागच आहे. पण रेल्वे म्हणजे फक्त इंजिन नव्हे. स्टेशन, लॅम्परूम म्हणजे सिग्नलच्या कंदिलांची खोली, गँगमनची चाळ, पाण्याची टाकी, गुदाम, धक्क्यावरचं बाक, हे सगळं घरातल्या टाकाऊ वस्तूंतून उभं राहतं आणि त्यावर ऊन-पावसाचा, काजळीचा रंगही चढवता येतो. हे मी स्वतः केलं आहे, म्हणून सांगते. माझ्याकडे पहिली दोन वर्षं इंजिनच नव्हतं.

मी बार्शीची. वय एकसष्ट. आमचा लग्नपत्रिका छापायचा व्यवसाय आहे. माझे वडील बार्शी लाइट या छोट्या रेल्वेलाइनीवर पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) लाइन बांधली. बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये ती सुरू झाली. पुढे एका अंगाला लातूर आणि दुसऱ्या अंगाला पंढरपूर करत मिरजेपर्यंत गेली, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली, तरी आमच्याकडे कुणी तिला मध्य रेल्वे म्हटलं नाही. बार्शी लाइटच म्हणत. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या गाडीच्या टपावरसुद्धा माणसं असत. पुढे टप्प्याटप्प्यानं सगळी लाइन ब्रॉडगेज झाली. गाड्या वेगानं धावू लागल्या, चांगलंच झालं. पण छोट्या लाइनीच्या जुन्या इमारती कुठे पाडल्या, कुठे नुसत्या सोडून दिल्या. आमच्या क्वार्टरच्या जागी आज बाभळी आहेत.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये सुरू झालं. भाच्याच्या मुंजीला गेले होते तेव्हा तिथं गेले, आणि परत येताना एसटीतच ठरवलं, की आपलं स्टेशन आपण बांधायचं. कुठल्या एका स्टेशनाची हुबेहूब नक्कल नाही ती. लहानपणी पाहिलेल्या दोन-तीन स्टेशनांची आठवण एकत्र आणली आणि आजीच्या वस्तीचं नाव त्याला दिलं, चिंचवस्ती.

प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी मिलिमीटर माझ्याकडे एक मिलिमीटर. जगभर हेच सगळ्यात जास्त चालतं. अडीच फुटी गेजला सत्त्याऐंशीनं भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो. सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरचं होतं. विटेची नऊ इंची बाजू अडीच मिलिमीटरहून किंचित जास्त. ही भागाकाराची वही हाच माझा पहिला खर्च, वीस रुपये.

भिंतींना मी पत्रिकांचे कटिंगचे तुकडे वापरते. जाड आर्टकार्डाचे दोन थर फेविकॉलनं चिकटवायचे आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचे. चारही कोपऱ्यांत आतून आगपेटीच्या काड्या उभ्या लावायच्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात भिंत धनुष्यासारखी वाकते. दगडी भिंत हवी असेल तर चकचकीत थर सोलून काढायचा आणि खालच्या मऊ कागदावर रिफिल संपलेल्या बॉलपेननं दगडांच्या सांध्या दाबून काढायच्या. पट्टी लावू नका. गवंडी पट्टी लावून दगड घडत नाही. खिडक्यांच्या काचा शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या. बोर्ड छापून घेतला: पिवळ्यावर काळी अक्षरं, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. त्यात मात्र आमच्या धंद्याचा फायदा झाला, हे मान्य.

छतावरच्या पन्हळी पत्र्यासाठी मी महिनाभर धडपडले. बाजारात तयार प्लास्टिकची शीट मिळते, पण ती माझ्या छताच्या मानानं महाग वाटली. शेवटी उपाय सापडला तो नातीच्या केसांसाठी आणलेल्या बारीक दातांच्या फणीत. हॉटेलातून पार्सल येतं तो अ‍ॅल्युमिनियमचा डबा धुऊन त्याचा सपाट तळ कापून घ्यायचा. खऱ्या सहा फुटी पत्र्याच्या हिशेबानं एकवीस मिलिमीटर लांबीचे तुकडे करायचे. तुकडा फणीवर ठेवायचा आणि वरून बोटाच्या नखानं दातांच्या दिशेनं घासायचं. दात कमी लांबीचे असतील तर तुकडा पुढे सरकवून पुन्हा घासायचं. एका संध्याकाळी चाळीस पत्रे होतात. ते खालून वर लावत जायचे, वरच्याचा काठ खालच्यावर आला पाहिजे, खऱ्या छतावर असतो तसा. सगळे एका ओळीत नीट लावून झाल्यावर एक मुद्दाम तिरका करायचा. जुन्या छतावर एक तरी पत्रा वाऱ्यानं हललेला असतोच.

आता रंगाकडे येते, कारण खरं सांगायचं ते इथंच आहे. नवी इमारत जुनी करायची म्हणजे तिच्यावर काळं-तपकिरी पाणी ओतायचं, असं पुष्कळ जणांना वाटतं. मीही तेच केलं होतं. ते स्टेशन जुनं दिसेना, नुसतं घाण दिसे. का, हे मला कळेना. मग एके दिवशी आमच्या घरामागच्या न्हाणीघराची भिंत बघत चहा पीत बसले होते. तिच्यावर डाग होते, पण प्रत्येक डाग कुठून तरी निघालेला होता. खिडकीच्या कडाप्प्याच्या दोन टोकांखाली दोन काळे ओघळ, कारण पाणी तिथूनच उतरतं. पन्हाळीचा जोड गळतो त्याच्याखाली हिरवट पट्टा. जमिनीपासून हात-दीड हातावर मातीचे शिंतोडे, त्याच्यावर भिंत स्वच्छ. झड लागते त्या बाजूचा चुना गेलेला, आडोशाच्या बाजूचा तसाच. त्या दिवसापासून मी ब्रश हातात घेण्याआधी विचारते: हा डाग कशामुळे पडला? पाण्यानं, उन्हानं, धुरानं, की माणसाच्या हातानं? उत्तर नसेल तर तो डाग लावत नाही. या सवयीला एक पैसाही लागत नाही. महागड्या रंगांनी जे साधत नाही ते हिनं साधतं, हा माझा अनुभव आहे.

पत्र्याचंच घ्या. गंज पत्र्याच्या मधोमध सुरू होत नाही. तो काठावर, खिळ्याच्या भोकाशी आणि दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथं धरतो, आणि पन्हळीच्या खोलगट भागातून खाली ओघळतो. गंजासाठी मी खराच गंज वापरते. परसात जुनं लोखंडी पिंप आहे, ते चाकूनं खरवडायचं आणि भुगा जुन्या वॉयलच्या साडीच्या तुकड्यातून चाळून घ्यायचा. आधी पत्र्याला बारीक पॉलिशपेपर मारून साबणानं धुवायचं, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो. मग राखाडी अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्यायचा, आणि तो ओलसर असतानाच सुईच्या टोकावर घेतलेला भुगा काठाला आणि भोकांना टेकवायचा. वाळला की कोरड्या ब्रशनं वरून खाली एकदाच ओढायचं. एकदाच. दुसऱ्यांदा ओढलं की ओघळ जातो आणि सगळा पत्रा मातकट होतो. एक काळजी मात्र घ्या. भुगा कागदावर पसरून त्याच्यावरून लोहचुंबक फिरवा आणि लोखंडाचे कण काढून टाका. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतं. ते कण रुळावर सांडले तर मोटारीत जाऊन बसतात.

बाकीचे रंग किराणा आणि पूजेच्या दुकानातले. जोत्याला गेरू, भिंतीला चुना आणि त्यात नखभर नीळ. धुरासाठी दिव्यावर बशी धरून जमवलेली काजळी. धक्क्यासाठी विटेचा भुगा. आमच्याकडची माती काळी, म्हणून जोत्यावरचे शिंतोडे मी खऱ्या मातीचेच दिले, चाळून आणि फेविकॉलच्या पाण्यात कालवून. कोकणातल्या कुणी स्टेशन केलं तर ते शिंतोडे तांबडे हवेत. एवढ्या एका गोष्टीवरून इमारत कुठल्या मुलखातली ते कळतं. कोरडी पूड लावली तर वरून काहीतरी पातळ चिकट मारून ती धरून ठेवावी लागते, आणि तसं केलं की तिचा रंग गडद होतो, फिकट पूड तर दिसेनाशी होते. म्हणून आधी तुकड्यावर करून बघावं. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा वापरू नका. एवढ्या लहान वस्तूवर काळा रंग भोकासारखा दिसतो. काळ्यात थोडा राखाडी, पांढऱ्यात थोडी माती. छापखान्यात मी आयुष्यभर गडद काळ्याच्या मागे होते, म्हणून ही गोष्ट मला उशिरा उमगली.

हळदीच्या वाटेला जाऊ नका. बुकिंग ऑफिसच्या पिवळ्या भिंतीसाठी मी हळद वापरली होती. रंग अगदी हवा तसा आला, आणि खिडकीतल्या उन्हात महिन्याभरात उडून गेला. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही.

दुसरं नुकसान त्याहून मोठं झालं. पुठ्ठा कडक व्हावा म्हणून मी त्याला लाखेच्या चपड्याचं फ्रेंच पॉलिश देत असे. पुठ्ठा लाकडासारखा होतो, दमट हवेत वाकत नाही, अजूनही तेच करते. पण दगडांच्या सांध्यांत काळपटपणा उतरावा म्हणून मी ड्रॉइंगच्या काळ्या शाईचे थेंब स्पिरिटमध्ये टाकून तो घोळ वरून मारला. स्पिरिटचा घोळ सांध्यांत फार सुंदर उतरतो हे खरं, पण लाख स्पिरिटमध्येच विरघळते! दोन महिन्यांचं काम पाच मिनिटांत चिकट झालं, दगडांवर माझ्या बोटांचे ठसे उमटले. आता शाई पाण्यात घालते आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकते, म्हणजे पाणी थबकून राहत नाही, सांध्यांत शिरतं. ती खराब झालेली भिंत टाकली नाही. उलटी करून गुदामाच्या मागच्या बाजूला लावली आहे.

आणि आता माणसांच्या हाताचे डाग. हे पुस्तकात मिळत नाहीत, बघितलेले असावे लागतात. धक्क्यावरच्या बाकाच्या मागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तेलकट काळसर गोल असतात. डोक्याला चपचपीत तेल लावून गाडीची वाट बघत टेकलेली माणसं. माझ्या प्रमाणात ती उंची चौदा मिलिमीटर येते. तिथं बोटानं किंचित खोबरेल लावलं, दुसरं काही नाही. तिकिटाच्या खिडकीचा खालचा काठ हातांनी गुळगुळीत झालेला, तिथं पेन्सिलचं शिसं घासलं. खांबाच्या कोपऱ्यावर, कमरेच्या उंचीला, तंबाखू मळून झाल्यावर पुसलेल्या बोटांचे चुन्याचे पांढरे फटकारे. ते मी टाचणीच्या टोकानं दिले, अकरा. घरी येणारी वयस्कर माणसं तो खांब बघून गप्प होतात.

लॅम्परूममध्ये एक खिळा होता. संध्याकाळी वडील सिग्नलचे कंदील भरत, वाती कापत, काचा राखेनं पुसत, आणि पेटवलेला पहिला कंदील त्या खिळ्याला अडकवून त्याच्या उजेडात बाकीचे करत. वर्षानुवर्षं. त्या खिळ्याच्या वर भिंतीवर काजळीची एक जीभ उमटली होती, खाली बारीक, वर रुंद, आणि छताशी जाऊन विरलेली. दर दिवाळीला चुना मारला जाई आणि होळीपर्यंत ती परत दिसे. माझ्या लॅम्परूमचं छत उचलता येतं. आत टाचणीचा एक तुकडा ठोकलेला आहे, आणि त्याच्या वर ती जीभ आहे. विझवलेल्या काडीच्या टोकानं ती काढायला मला चार रविवार लागले. दोनदा पुसली, कारण ती मधोमध आली होती. खोलीला पूर्वेकडे खिडकी होती, वारा आत येई, म्हणून ज्योत नेहमी पश्चिमेला झुकलेली असे. जीभ तिरकीच हवी. बाहेरून ती कुणाला दिसत नाही.

दिव्यांचं थोडक्यात सांगते. दिवाळीच्या माळेतला एक पिवळट एलईडी पुरतो. पण पुठ्ठ्याच्या भिंतीतून उजेड झिरपतो आणि स्टेशन आकाशकंदील होतं. रंग देण्याआधी भिंतींना आतून काळा हात द्यावा, आणि त्याच्यावर खोलीचा रंग.

खर्चाची वही माझ्याकडे आहे. स्टेशनची मुख्य इमारत, लॅम्परूम आणि गुदाम, तिन्ही मिळून तीनशे चाळीस रुपये. त्यातले एकशे दहा दोन चांगल्या ब्रशांचे. ब्रशावर काटकसर करू नये, केस गळतात आणि रंगात अडकतात. पुढे भाच्यानं कुणाकडून तरी नऊ मिलिमीटरचं जुनं इंजिन आणि थोडे रूळ आणून दिले, आता गाडी धावतेही. पण ज्यांनी चिंचवस्ती पाहिली त्यांतल्या कुणी इंजिनाचं नाव घेतलं नाही. त्यांनी बाक बघितलं, खांब बघितला, बोर्ड वाचला.

संपादक महोदय, माझी तक्रार एवढीच, की लाख रुपयांचं वाक्य छापताना त्याच्याशेजारी हेही यायला हवं होतं. पेपरातलं वाचून लहान मुलं ते खरं धरतात आणि हातातलं काम ठेवून देतात.

आणि एक विनंती. आपल्याकडे छोट्या लाइनींची जुनी स्टेशनं काही ठिकाणी अजून उभी आहेत, पण किती दिवस राहतील ते सांगता येत नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जायची ती शकुंतला नावाची छोटी गाडी, पाचोरा–जामनेर, या लाइनींवरची छोटी स्टेशनं ज्यांच्या गावाजवळ आहेत त्यांनी एकदा जाऊन भिंतींचे फोटो काढावेत. रुळांपासून लांब उभं राहून, आत जायचं तर परवानगी घेऊन. सेल्फी नको. भिंतीचा समोरून सरळ फोटो, आणि भिंतीला फूटपट्टी किंवा निदान छत्री टेकवलेली, म्हणजे पुढे माप काढता येतं. डागांचेही फोटो काढा.

माझ्या छोट्या स्टेशनचा आराखडा मी एकास सत्त्याऐंशीच्या मापात काढला आहे. इमारत तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, बारा फूट उंच. कागदावर चारही भिंती सलग मांडल्या तर साडेएकतीस सेंटिमीटर लांब आणि बेचाळीस मिलिमीटर उंच अशी एकच पट्टी होते. आपल्या अंकाच्या पानाच्या रुंदीत ती जेमतेम बसते, मी मोजून पाहिलं. एखाद्या रविवारी पानाच्या तळाशी तेवढी जागा दिलीत तर आराखडा मी विनामूल्य पाठवते, नाव घालायचीही गरज नाही. छापताना माप कमी-जास्त करू नये, एवढी अट. मुलांनी ती पट्टी कापावी, घरातल्या जुन्या पत्रिकेवर खळीनं चिकटवावी आणि घड्या घालाव्यात. गल्लीतल्या त्या मुलाला मी सांगून ठेवलं आहे, की रविवारी पेपर बघ.

आपली,
छापखान्यातली एक वाचक,
बार्शी